मोजून लिहिलेली वाक्यं

"उत्तर येत असेल तर कुठला हात?"

"उजवा," अख्खी सातवी एका सुरात म्हणाली.

"आणि येत नसेल तर?"

"डावा."

"आणि हात वर नाहीच केला तर?"

तसं करायचं नसतं, हे आठवडाभरात सगळ्यांना नीट कळलं होतं.

हसू नका. तपासणीला साहेब येणार म्हटल्यावर आम्ही मास्तर मंडळी काय काय करतो, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. साहेबांनी प्रश्न विचारला की वर्गातले एकतीसच्या एकतीस हात वर गेले पाहिजेत. साहेब खूश. उजव्या हाताच्या पोरांतलं एखादं नाव मी घ्यायचं, ते खडाखडा उत्तर देणार. डाव्या हाताची पोरं नुसती वर्ग भरल्यासारखा दिसायला. ही युक्ती मला आमच्या हेडमास्तरांनी, देवढे गुरुजींनी शिकवली, आणि त्यांना त्यांच्या हेडमास्तरांनी. वाडवडिलांची इस्टेटच म्हणा ना.

गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची. सोलापूरकडचं, काळ्या रानातलं एक गाव. नाव सांगत नाही, अजून तिथं ओळखीची माणसं आहेत. मी तेव्हा शिक्षणसेवक होते. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढायची, शेरे चांगले पडले तर कायम, नाहीतर घरी. माझी तीन वर्षं त्या जानेवारीत संपत होती आणि शेवटचा शेरा तेवढा बाकी होता. घरी आई आणि शिकणारी धाकटी बहीण, वडील जाऊन पाच वर्षं झालेली. त्या एका शेऱ्यावर आम्ही तिघी बसलो होतो. मला रात्री झोप लागत नव्हती, जेवण जात नव्हतं, आणि वर्गात मी विंचवासारखी डसत होते.

पाठ घ्यायचा ठरला इंग्रजीचा. विशेषणांच्या तुलनेचा, डिग्रीज ऑफ कम्पॅरिझन. हा पाठ माझ्या हातचा मळ. तीन पोरांना उंचीप्रमाणे पुढं उभं करायचं आणि बोट दाखवत म्हणायचं, टॉल, टॉलर, टॉलेस्ट. पोरांना तीन पोरं दिसतात आणि तीन शब्द कळतात, संपलं. पण मला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. आदल्या वर्षी पोरांनी गाईडातली वाक्यं उतरून आणली होती. राम इज टॉलर दॅन श्याम. अरे, वर्गात ना राम ना श्याम. मग मी फर्मान काढलं की वाक्य स्वतःचं पाहिजे, खरं पाहिजे, आणि फूटपट्टीनं मोजून लिहिलेलं पाहिजे. रोज घरून पाच वाक्यं. दुसरं फर्मान, इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्द चालणार नाही. बोलला की तास संपेपर्यंत उभं राहायचं.

पोरांनी काय काय मोजलं. गाईची शिंगं मोजली, आज्याच्या मिशा मोजल्या. एकीनं भाकरी मोजल्या, आईची भाकरी काकूच्या भाकरीपेक्षा मोठी निघाली, आणि घरी त्यावरून भांडण झालं असं कानावर आलं. मला त्याचा अभिमान वाटायचा. आपण काहीतरी निराळं करतोय, असं वाटायचं.

वर्गाच्या मागच्या भिंतीला भेग होती. इमारत जुनी, दगडमातीची, वर पत्रा. आमच्याकडं काळी जमीन उन्हानं आकसते आणि भिंतींना भेगा पडतात, त्यात नवल काही नाही. पण त्या महिन्यात भिंतीच्या मागं नळयोजनेचा चर खणला होता, पार भिंतीला लागून, कमरेएवढा खोल. खणणारे चर तसाच उघडा टाकून पुढच्या गावाला गेले ते गेलेच.

सोमवारी सकाळी देवढे गुरुजी वर्गात आले, भेगेकडं बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, शुक्रवारी साहेब इथंच मागं बसणार. हे बरं दिसत नाही. यावर काहीतरी लावा."

मी लावलं. दोन दिवस खपून केलेला माझा तक्ता होता, तीन रंगांत, वर तीन झाडं काढलेली, लहान, मोठं, सगळ्यात मोठं. तक्ता फळ्याशेजारी हवा, पोरांनी काय मान मोडून मागं बघायचं? पण गुरुजींचा शब्द. चार खिळे ठोकले. दुसरा खिळा ठोकताना भिंतीतून पसाभर माती पडली, ती मी झाडून घेतली. तक्ता बरोबर बसला. भेग दिसेनाशी झाली आणि मला फार बरं वाटलं.

तक्त्याखाली अंथरलेल्या बसकरपट्टीवर डाव्या हाताची पोरं बसायची. त्यांत अनुसया मस्के. मस्के मिस्त्रींची मुलगी, त्यांना बापू म्हणायची. मिस्त्री गवंडी, पंचक्रोशीत घरं बांधायचे. पोरगी अबोल, काटकुळी, इंग्रजी वाचताना घाम फुटायचा. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, भेगंला इंग्रजीत काय म्हणत्यात?"

"क्रॅक."

"आन् रुंदला?"

"वाइड. वाइड, वाइडर, वाइडेस्ट. पाठ कर."

"व्हय," म्हणाली आणि गेली. कशाला हवंय, हे मी विचारलं नाही. माझ्यापुढं पाठाचं टाचण पडलं होतं.

मंगळवारपासून तिच्या वहीत वाक्यं येऊ लागली. पाचांतली चार कुठलीही असायची, कोंबडी, पाटी, बैलगाडी. पाचवं मात्र दररोज तेच. मंडे क्रॅक इज टू सेंटीमीटर. मंगळवारचं, ट्यूसडे क्रॅक इज वाइडर दॅन मंडे क्रॅक, आणि पुढं आकडा, तीन. बुधवारचं, वेन्सडे क्रॅक इज वाइडर दॅन ट्यूसडे क्रॅक, पुढं साडेचार. मी लाल पेनानं प्रत्येक वाराच्या नावाआधी 'द' घातला. समासात लिहिलं, 'द विसरू नकोस.' बुधवारचं वाक्य तपासताना तर मला कौतुकही वाटलं, की डाव्या हाताच्या पोरीला 'दॅन' बरोबर जमला. दहापैकी नऊ गुण दिले, खाली 'गुड' लिहिलं, सही केली, तारीख घातली.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही आंधळ्या होत्या का? नव्हते. एकतीस वह्या, एका वहीत पाच वाक्यं. मी चुका शोधत होते, आणि चुका मला बरोबर सापडत होत्या.

शुक्रवारी अकराला विस्तार अधिकारी जोंधळे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. गोलमटोल, घामेजलेला, त्या दिवशी आणखी तीन शाळा करायच्या होत्या, सारखा घड्याळाकडं बघत होता. त्यांची खुर्ची आम्ही मागं मांडली होती, तक्त्याखाली. देवढे गुरुजी दारात उभे, हात बांधून.

पाठ सुरू झाला आणि काय सांगू, असा रंगला की मलाच खरं वाटेना. तीन पोरं पुढं आली. टॉल, टॉलर. प्रश्न विचारला की एकतीस हात वर. मी उजवे हात वेचून नावं घेत होते, उत्तरं खणखणीत येत होती. साहेबांनी दोनदा मान डोलावली. माझ्या मनात कायमची ऑर्डर येऊन पडली होती. आईला फोन कुठून करायचा, तेही मी ठरवून टाकलं.

तेवढ्यात साहेबांनी सवयीप्रमाणं खालच्या पट्टीवरून हाताला लागली ती वही उचलली. चाळली. थांबले. परत मागचं पान उघडलं.

"मॅडम, एक मिनिट. ही वही कुणाची?"

अनुसया उभी राहिली. नेमकी डाव्या हाताची वही.

"अहो, हे गाईडातलं नाही," साहेब म्हणाले. "पोरीनं स्वतः लिहिलंय. रोज मोजून. वा. वाच बाळ, मोठ्यानं वाच."

तिनं वाचलं. मी शिकवलेले सगळे 'द' घालून, अडखळत वाचलं. द मंडे क्रॅक. द ट्यूसडे क्रॅक. शेवटी गुरुवारचंही एक होतं, जे मी अजून तपासलं नव्हतं. आकडा होता सात. साहेब माझ्याकडं बघून हसले. मी हवेत होते. घामानं पोलकं पाठीला चिकटलं होतं आणि तरी मी हवेत होते.

"आता मराठीत सांग," साहेब म्हणाले. "कळून लिहिलंयस की नुसतंच?"

अनुसयानं माझ्याकडं बघितलं. मराठी बोलू का, असं विचारत होती. मी 'हो' म्हणून मान हलवली.

"सोमवारी आपल्या वर्गाच्या भितीची भेग दोन सेंटीमीटर हुती," ती म्हणाली. मराठीत ती अजिबात अडखळत नव्हती. "मंगळवारी तीन. बुधवारी साडेचार. काल सात झाली. आज सकाळी पट्टी आत गेली, पार तळाला लागली न्हाई. भित भाईरच्या अंगाला चालली."

मी ते ऐकलं. तीन दिवस मी तेच वाचलं होतं, तीच भेग, तेच आकडे, आणि आत्ता पहिल्यांदा ऐकलं.

"कुठंय भेग?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्या मागं, साहेब. तक्त्याखाली."

साहेब उठले. त्यांनी माझ्या तक्त्याचं खालचं टोक वर उचललं. भेग हातभर लांब होती ती आता पार तक्त्याच्या वरच्या कडेपर्यंत गेली होती, आणि पलीकडचं ऊन आत दिसत होतं. साहेबांनी पंजा आत घातला. मनगटापर्यंत गेला. त्यांनी तो हळूच बाहेर काढला आणि माझ्याकडं बघितलं.

त्या क्षणी मी काय म्हणाले, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. मी म्हणाले, "साहेब, अजून सुपरलेटिव्ह राहिलंय."

कारण पाठ अर्धा राहिला असता तर शेरा अर्धा राहिला असता. दुसरी तारीख कधी मिळणार, मिळेपर्यंत माझी तीन वर्षं उलटणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुसरं काही नव्हतं. असतं तर मी आज अभिमानानं सांगितलं असतं.

साहेबांनी तक्ता सोडून दिला. घड्याळ बघितलं. "पाच मिनिटांत उरका," म्हणाले. "मग पोरांना बाहेर बसवू. गुरुजी, त्या भिंतीचं बघा काहीतरी." आणि त्यांनी आपली खुर्ची उचलली, दाराजवळ नेली आणि तिथं बसले.

खुर्ची नेली. पोरं तिथंच राहिली. हे मी बघितलं, गुरुजींनी बघितलं, एकतीस पोरांनी बघितलं.

मी तिसऱ्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला. "हू इज द टॉलेस्ट?"

हात वर गेले. तीस हात. अनुसया खाली बसलीच नव्हती. ती मागं वळून तक्त्याकडं बघत होती.

"मॅडम, माती पडायलीय."

माझ्या तोंडून जे निघालं ते विचार करून निघालेलं नव्हतं. सवयीनं निघालं. रोज दहादा निघायचं तसंच निघालं.

"इन इंग्लिश, अनुसया."

तिनं माझ्याकडं बघितलं. अर्धा क्षण तिचे ओठ हललेसुद्धा, ती खरंच शब्द शोधत होती. मग तिनं मला सोडून दिलं. पोरांकडं वळली आणि बापानं मजुरांना घमेली उचलायला सांगावं तशा आवाजात म्हणाली, "उठा. भाईर पळा. दप्तरं ऱ्हाऊ द्या."

माझ्या वर्गातली पोरं माझ्या हुकुमाशिवाय हलत नसत. त्या दिवशी हलली. मागच्या पट्टीवरची आधी, मग पुढची. ती एकेकाला दंडाला धरून पुढं ढकलत होती. साहेब दारातून कधी गेले ते दिसलं नाही. पुढची तीन पोरं मला ढकलत बाहेर घेऊन आली. मी अंगणात उभी होते, हातात खडू होता, आणि मी पोरं मोजत होते. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस.

तेव्हा भिंत गेली. मोठा आवाज झाला नाही. गाडीतून मुरूम ओतावा तसा झाला, आणि वरचा पत्रा, त्यावर ठेवलेल्या दगडांसकट, खाली आला. धूळ दारातून बाहेर आली. देवढे गुरुजी मटकन खाली बसले.

मस्के मिस्त्री दोन घरं पलीकडं कामावर होते. ते आले ते हातात थापी घेऊनच आले. कुणाला काही विचारलं नाही. पत्रा उचलला, दगड काढू लागले, एकावर एक, हातानं, घाई न करता, कुठला दगड काढला तर कुठला घसरेल ते बघत. माणसं गोळा झाली. मिस्त्री एकदाच बोलले, गुरुजींकडं न बघता.

"चर खणला तवाच सांगितलं हुतं मी तुमाला. पाया उघडा पडलाय म्हणून."



अनुसया जिवंत होती. दाराच्या चौकटीपासून दोन हातांवर सापडली. उजवा पाय गुडघ्यापासून खाली दगडांखाली होता. ती रडत नव्हती, नुसती थरथरत होती, आणि तोंड मातीनं भरलं होतं. तिला ट्रॅक्टरमध्ये घालून नेलं. मी मागं बसले होते, तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि पूर्ण रस्ताभर मला एकही शब्द सुचला नाही, मराठीतही नाही.

नवव्या दिवशी मी दवाखान्यात गेले. पाय वाचला होता, पण गुडघा आता वाकणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते. वॉर्डाबाहेरच्या बाकावर देवढे गुरुजी माझी वाट बघत बसले होते. हातात कागद होता.

"साहेबांचा अहवाल," ते म्हणाले. "वाचा आणि खाली सही करा. आजच वर पाठवायचाय."

मी वाचला. 'पाठ चालू असताना भिंतीतून माती गळू लागल्याचे लक्षात येताच संबंधित शिक्षिकेने प्रसंगावधान राखून सर्व विद्यार्थ्यांना तातडीने बाहेर काढले. त्यामुळे मोठी जीवितहानी टळली. सदर शिक्षिकेस सेवेत कायम करण्याची शिफारस करण्यात येत आहे.' त्यात खुर्ची नव्हती, तक्ता नव्हता, पाच मिनिटं नव्हती. अनुसयाचं नाव होतं, जखमींच्या रकान्यात.

"गुरुजी, हे असं झालं नाही."

"मला माहीत आहे," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "पण खरं लिहिलं तर साहेब जातील, मी जाईन, तुम्ही जाल. पोरीचा पाय काय परत येणार आहे? दवाखान्याचा सगळा खर्च साहेब बघतायत. मिस्त्रींना कबूल आहे. तुमच्या घरचं मला ठाऊक आहे, मॅडम. विचार करा." त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढं धरलं.

"आधी पोरीला भेटून येते," मी म्हणाले.

अनुसया खाटेवर टेकून बसली होती. पायाला कमरेपर्यंत प्लास्टर. मला बघून तिनं उठायचा प्रयत्न केला, शाळेत उठतात तसा. मी तिला खाली बसवलं. आई तिची पाणी आणायला गेली होती. आम्ही दोघीच होतो.

"दुखतंय का गं?"

"रातच्याला दुखतं." बराच वेळ चादरीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मॅडम, एक इचारू का?"

"विचार."

"बापू म्हणले हुते, रोज भेग मोज आन् मॅडमला सांग. तुमी म्हणला हुता, इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं न्हाई. म्हणून मी लिवलं." ती माझ्याकडं बघत नव्हती. "माझं इंग्रजी लई चुकलं हुतं का? म्हणून तुमाला कळलं न्हाई?"

नऊ दिवस ती हेच घोकत पडली होती. दगडांखाली पाय जाऊन पडलेली पोर, आणि आपलं इंग्रजी कच्चं म्हणून हे झालं असं तिला वाटत होतं. मी खाटेचा गज धरला. 'हो' म्हणाले असते तर तिनं मानलं असतं. तिनं मान डोलावली असती आणि मला सोडून दिलं असतं.

"नाही गं," मी म्हणाले. "बरोबर होतं. सगळं बरोबर होतं. मी नऊ गुण दिले होते तुला."

अनुसयानं मान वर केली. तिच्या तोंडावर राग नव्हता. नुसतं काहीच न कळलेलं पोर असतं तशी ती माझ्याकडं बघत होती.

"मग?" ती म्हणाली.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग काढून घेतला. बाहेर आले. देवढे गुरुजी बाकावरून उठले. मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि कागद भिंतीला लावून सही केली.